लटारीजींच्या अकरा वाट्या

ता. १३ जानेवारी १९५८, सोमवार. सकाळचे दहा. मोठ्या डॉक्टरांची खोली. हजर: मोठे डॉक्टर, बायकांच्या वॉर्डच्या सिस्टर, कंपाऊंडर लटारीजी आणि दवाखान्याचं भांडार सांभाळणारी मी. टेबलावर पाण्याने भरलेलं एनॅमलचं तसराळं आणि त्याच्या शेजारी मलमाच्या डबीचं एक भोक पाडलेलं झाकण.

हे टिपण माझ्या वहीतलं आहे. वहीत एक गोष्ट मात्र मी लिहिली नव्हती. मोठे डॉक्टर त्या दिवशी इतके चिडले होते की त्यांना बोलायला पहिला शब्द सापडत नव्हता. तो सापडायच्या आत लटारीजी पुढे झाले, त्यांनी डॉक्टरांचं मनगट दोन बोटांत धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. पूर्ण एक मिनिट. डॉक्टरांनी हात सोडवून का घेतला नाही, हे मला अजून कळलेलं नाही. मिनिट संपल्यावर लटारीजी म्हणाले, “एकशे चार. बसा साहेब. मंग बोला.”

डॉक्टर बसले.

लटारीजी कोणालाच हात जोडत नसत. भेटलेल्या माणसाचं मनगट धरायचं, नाडी मोजायची, आकडा सांगायचा आणि मग बोलायला परवानगी द्यायची, हा त्यांचा रामराम. पोस्टमनला हे ठाऊक होतं, म्हणून तो टपाल डाव्या हातात धरूनच आत येई. एकदा दवाखान्यात तपासाला आलेल्या हवालदाराचं मनगट त्यांनी धरलं, तेव्हा त्याला वाटलं की कंपाऊंडर हातघाईवर आला. भाच्याच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी नवऱ्या मुलाची नाडी पाहिली आणि भटजींना थोडं थांबायला सांगितलं, कारण पोराची एकशे अठरा चालली होती. भटजींनी मुहूर्ताचं कारण सांगितलं. तेव्हा लटारीजींनी भटजींचीही मोजली.

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. आकडे राहत. सेलूच्या एका कापूस व्यापाऱ्याला ते कायम “ब्याऐंशीवाले शेठ” म्हणत. मी त्यांच्या लेखी अडुसष्ट होते. एके सकाळी माझी शहात्तर भरली, तर भांडाराच्या दारात उभे राहून त्यांनी विचारलं की बाई, घरी कोणाशी वाजलं का. वाजलं होतं. जावेशी. त्या दिवसापासून त्यांच्याविषयी मला जो धाक वाटायला लागला, तो पुढे कमी झाला नाही.

वय पन्नाशीच्या आसपास, अंगाने काटकुळे, डोक्यावर पांढरी टोपी, खिशात एक मोठी सुई आणि मेणाचा गोळा. लग्न झालेलं नव्हतं. औषधाच्या खोलीमागच्या पडवीत राहत आणि स्वतःची भाकरी स्वतः थापत. औषधं मापण्यात त्यांचा हात असा होता की मोठ्या डॉक्टरांनी तराजू तपासायचा झाला तर आधी लटारीजींना विचारावं.

त्यांचं खरं काम मात्र औषधाचं नव्हतंच. ते काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं आणि माझ्या कुठल्या यादीतही नव्हतं.

काळीज उधळलेले रोगी आमच्याकडे येत. छातीत धडधड, श्वास पुरत नाही, पायांवर सूज. काहींच्या मानेतली एक शीर मोठे डॉक्टर अंगठ्याने बेताने दाबत, आणि उधळलेलं काळीज क्षणभर थबकून पुन्हा नीट चालीवर येई. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हातातली चादरींची थप्पी खाली ठेवायचं विसरले. एवढासा अंगठा आणि आतलं ते न दिसणारं जनावर जागच्या जागी उभं. बाकीच्या रोग्यांचं काळीज शीर दाबून ऐकत नसे; त्यांना एका पानापासून केलेली गोळी जन्मभर घ्यावी लागे. ही गोळी मोठी गुणाची, पण जास्त झाली की काळीज इतकं मंद करते की ते थांबायलाही कमी करत नाही. म्हणून रोज सकाळी नाडी मोजायची आणि साठाच्या खाली असली तर त्या दिवशी गोळी घ्यायची नाही.

डॉक्टर हे एका वाक्यात सांगत आणि पुढच्या रोग्याकडे वळत. रोगी मान डोलावून गोळ्या पदरात बांधी आणि घरी जाऊन मनाला येईल तसं करी. सावंगीच्या एका शेतकऱ्याने तर मानेतली शीर दाबायची युक्ती पाहून ती आपल्या उधळ्या बैलावर करून पाहिली. तो पुन्हा आमच्याकडे आला तो बरगडी मोडून. लटारीजींनी त्याचं मनगट धरून ठेवलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं सांगितलं, “मान डाक्टरची. मनगट तुहं. बैल कोनाचाच नाई.”

त्या दिवसापासून घरी जाणारा प्रत्येक रोगी आधी लटारीजींच्या हाती जाऊ लागला. व्हरांड्यात चटईवर शाळा भरे. नाडी कुठे सापडते, बोट किती दाबायचं, कोणती चाल चांगली आणि कोणती लंगड्या बैलाची, मीठ किती, पाण्याच्या घागरी कोणी आणायच्या, सगळं. आणि शेवटी परीक्षा. परीक्षेत लटारीजी स्वतः रोगी होत. चटईवर आडवे पडत आणि म्हणत की मी खेड्यातला अडाणी माणूस आहे, आता तू मला शिकव. मग ते असे हट्टी रोगी होत की शिकवणाऱ्याचा संयम सुटे.

तळेगावच्या भागरथाबाईंची परीक्षा मी भांडाराच्या खिडकीतून पाहिली. बाई चाळिशीची, एकटी विधवा, पानाची गोळी नुकती सुरू झालेली. लटारीजी तिला म्हणाले की मला लोणच्याची फोड पाहिजे, एकच. ती म्हणाली, मिळणार नाही. ते म्हणाले, माझ्या बहिणीने खास पाठवलं आहे. ती म्हणाली की बहिणीला तुमचं मरण पाहायचं आहे का. ते म्हणाले की आज बरं वाटतंय, तर दोन गोळ्या घेतो. त्यावर भागरथाबाईंनी कपाळावर हात मारला आणि म्हणाल्या, “बाप्पा, कसा मानूस हाय हा. बरं वाटते म्हनून जास्ती खाते का कोनी? पयले मोज, मंग बोल.” लटारीजी उठून बसले, टोपी सरळ केली आणि तिला पास केलं. माझ्या पाहण्यात तीनदा नापास झालेला एक पाटीलही होता. त्याला आणखी दोन दिवस घरी जाऊ दिलं नव्हतं.

आता अडचण एकच होती. नाडी मोजायची तर मिनिट पाहिजे, आणि मिनिट घड्याळात असतं. आमच्या रोग्यांपैकी कोणाच्या घरी घड्याळ होतं?

याच सुमाराला भांडारातल्या मलमाच्या रिकाम्या डब्यांची झाकणं नाहीशी होऊ लागली. मी यादी केली, कुलूप बदललं, झाडूवाल्यावर संशय घेतला. शेवटी एका दुपारी, बाहेरचे रोगी आटोपल्यावर, औषधाच्या खोलीत गेले तर लटारीजी बादलीपुढे उकिडवे बसलेले, शेजारी निकामी झाकणांचा ढीग. लग्नात मुहूर्त पाहायला पाण्यात तांब्याची घटिका सोडतात, तिच्या तळाला भोक असतं आणि ती भरून बुडली की घटका झाली, हे मला माहीत होतं. लटारीजी घटकेची वाटी मिनिटाची करत होते. सुईने भोक पाडायचं, मोठं झालं तर मेण भरायचं, पुन्हा टोचायचं, पुन्हा सोडायची. मी रागावायला गेले होते. त्यांनी मला घड्याळाकडे बघायला सांगितलं आणि एक झाकण पाण्यावर ठेवलं.

ते तरंगलं, जरा कललं, सावकाश भरत गेलं आणि सेकंदाचा काटा बरोबर बारावर आला तेव्हा आवाज न करता खाली गेलं. त्यांनी पुन्हा सोडलं. पुन्हा तेच. मी तिथेच एका खोक्यावर बसले. मला माझ्या वयाची लाज वाटली नाही. मी त्यांना आणखी एकदा सोडायला सांगितलं.

वाट्या अकरा झाल्या. प्रत्येकीवर खिळ्याने क्रमांक. कोणती कोणाला दिली याची यादी अर्थात मी ठेवली आणि दर महिन्याला लटारीजींना विचारून समोर “चालू” लिहीत गेले.

तर १३ जानेवारीला टेबलावर होती ती वाटी क्रमांक चार, भागरथाबाईंची. आदल्या संध्याकाळी तिच्या दिराने तिला सर्व्हिस मोटारीतून आणलं होतं. बाईला पडून राहता येत नव्हतं, ओठ निळे पडले होते, पाय सुजून दगड झाले होते. पदरात वाटी बांधलेली होती आणि गोळ्या होत्या तेवढ्याच होत्या. विचारलं तर धापांमधून म्हणाली की नाडी रोज साठाच्या खालीच येत होती, म्हणून सांगितल्याप्रमाणे घेतली नाही.

सिस्टरांनी मोजली तर नाडी एकशे तीस.

डॉक्टरांनी आमच्या समोर वाटी पाण्यात सोडली आणि आपलं मनगटी घड्याळ पाहिलं. पंचवीस सेकंदांत ती तळाला गेली. लटारीजींनी ती उचलून उजेडात धरली. भोक सुईचं राहिलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले की उरलेल्या दहाही वाट्या परत आणायच्या आणि हा खेळ बंद. लटारीजींनी भोकावरून अंगठा फिरवला. त्यांना आकड्याशिवाय आणि बोलण्याशिवाय मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

पुढचे चार दिवस काय होईल ते कोणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी पुन्हा हळूहळू गोळी सुरू केली, अंगातलं पाणी उतरवायची सुई दिली. लटारीजी औषधं मापून झाली की बायकांच्या वॉर्डात भागरथाबाईंच्या खाटेशी स्टुलावर जाऊन बसत. सिस्टर हाकलत, ते दारात जाऊन उभे राहत, सिस्टर वळल्या की परत येत. त्या चार दिवसांत त्यांनी दुसऱ्या कोणाचं मनगट धरलं नाही. पोस्टमन गोंधळून गेला.

पाचव्या दिवशी बाईला उशीला टेकून बसता आलं. मी चादरी बदलायला गेले होते. लटारीजी स्टुलावरून उतरून खाली जमिनीवर बसले, परीक्षेला रोगी व्हायचे तसे. पण या वेळी आवाज हट्टी नव्हता.

“मले सांग बाई, मी कुठं चुकलो.”

भागरथाबाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “तुमी सांगतलं होतं वाटी साफ ठेवजो. म्या ठेवली. रोज राखेनं घासली. भोकात काई अडकू नये म्हनून रोज बाभळीचा काटा फिरवला. काटा घालू नको, हे सांगतलं नाई तुमी.”

रोज एक काटा. भोक रोज केसाइतकं मोठं. तिचं काळीज जसजसं जोरात पळायला लागलं, तसतशी वाटीही लवकर बुडायला लागली, आणि दोघांच्या शर्यतीत आकडा साठाच्या खालीच राहिला. तिने एकही चूक केली नव्हती. घरातल्या देवाच्या भांड्यासारखी तिने ती वाटी जपली होती.

“नाई सांगतलं,” लटारीजी म्हणाले. “बराबर हाय.”

“पन वाटी खोटी नोय तुमची,” भागरथाबाई म्हणाल्या. “काटाच मोठा होता माहा.” आणि आजारपणात पहिल्यांदा हसल्या. लटारीजी हसले नाहीत. ते उठून बाहेर व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ चटई झटकत राहिले.

वाट्या परत आणायला लटारीजींना एकटं पाठवायला डॉक्टर तयार नव्हते. एकटे गेले तर जुन्या घेऊन नव्या देऊन येतील, असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरंही होतं. म्हणून यादी, आपलं सेकंदाच्या काट्याचं घड्याळ आणि लटारीजी अशा तीन वस्तू त्यांनी माझ्या ताब्यात दिल्या. वाटी तपासायची, नोंद करायची, जप्त करायची. तिच्या जागी गावातल्या घड्याळवाल्या माणसाकडे, म्हणजे मास्तर नाहीतर पोस्टमास्तर, रोग्याने रोज जायचं ठरवून यायचं.

आम्ही दोन आठवडे हिंडलो. कधी मोटार, कधी छकडा, कधी पायी. एका घरी वाटी कोनाड्यात हळदकुंकू लावून ठेवलेली होती आणि नाडी कोणीच मोजत नव्हतं. ती आहे एवढ्यानेच बरं वाटतं, असं आजोबा म्हणाले. दुसऱ्या घरी रोगी म्हातारी ठणठणीत होती आणि वाटी सुनेवर चालवत होती: तीन वाट्या बुडायच्या आत विहिरीवरून परत. सून आमच्या पाया पडून म्हणाली की ती तेवढी घेऊनच जा. पाटलाने तीनदा नापास केल्याचा राग अजून धरला होता. त्याने वाटी दिली, पण आधी लटारीजींची परीक्षा घेतली.

मी प्रत्येक वाटी पाण्यात सोडून घड्याळ लावत होते. एकोणसाठ. साठ. साठ. एकसष्ट. वर्ष-दीड वर्ष चुलीच्या धुरात राहिलेली मलमाची झाकणं. मी आकडे लिहीत होते आणि माझा हात जरा जपून चालत होता. हे आकडे पाहून डॉक्टरांचं मन फिरेल, असं मी लटारीजींना म्हटलं. ते म्हणाले की भागरथाबाईच्या वाटीचा आकडाही त्याच कागदावर लिहा.

नऊ झाल्या. उरली क्रमांक सात: सोमाजी, सेलूच्या अलीकडचं एक खेडं. लटारीजी म्हणाले की तिथे पाहण्यासारखं काही नाही, ती राहू द्या. मी म्हटलं की यादीत दहा आहेत. ते म्हणाले की रस्ता खराब आहे. रस्ता चांगला होता.

सोमाजी मला आठवत होते. लटारीजींनी गर्दीत जायचं नाही म्हणून बजावलं असताना ते सव्वा वर्षापूर्वी दसऱ्याला दीक्षा घ्यायला नागपूरला गेले होते. परत आल्यावर व्हरांड्यात येऊन त्यांनी सांगितलं होतं की तिथल्या मैदानात गडव्यात पाणी घेऊन वाटी सोडली, मोजली, शहात्तर भरली, मगच रांगेत उभा राहिलो. लटारीजी त्यांना रागावले नव्हते.

घर लहान, सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची नवी तसबीर. दारात त्यांची बायको गिरजाबाई होत्या. लटारीजींना पाहून त्या म्हणाल्या, “आला का भाऊ. आज सोमवार तं नाई.” मग त्यांनी मला पाहिलं आणि पदर सारखा केला.

मी सोमाजींना बोलवायला सांगितलं. गिरजाबाईंनी लटारीजींकडे पाहिलं. लटारीजी छपराकडे बघत होते.

सोमाजी गेल्या जेठात वारले होते. रात्री झोपेत. सात महिने झाले होते. माझ्या यादीत सात महिने “चालू” लिहिलेलं होतं, लटारीजींच्या सांगण्यावरून.

मी वाटी मागितली. गिरजाबाईंनी आतून परात आणली, पाणी ओतलं, आणि मला देण्याऐवजी वाटी अलगद त्यावर सोडून समोर बसल्या. हे त्यांचं रोजचं असावं. हात मांडीवर ठेवून, पाण्याकडे बघत, त्या मला म्हणाल्या, “बत्तीस वर्सं संसार केला, बाई. दिवसाढवळ्या हात नाई धरू दिला कधी मानसानं. लाजे. या वाटीपायी रोज सकाई स्वता हात पुढं करे. बुडेपर्यंत माह्याजवळ राहे.”

मी सवयीने घड्याळ लावलं होतं. एक मिनिट झालं. वाटी तरंगत होती. दीड. दोन. मला वाटलं घड्याळ बिघडलं. कानाला लावलं, चालू होतं. मी वाकून पाहिलं. वाटीच्या तळाला भोकाभोवती डाखाचा, म्हणजे वितळवून लावलेल्या कथलाचा, एक बारीक, चकचकीत थेंब होता. भोक सुईच्या टोकाहूनही बारीक केलेलं होतं.

गिरजाबाईंनी माझं पाहणं पाहिलं असावं. म्हणाल्या, “आताशा हळू बुडते. भाऊ येऊन पाहून जाते दर महिन्याले. म्हने हिवाळ्यात पानी जड होते.”

मी लटारीजींकडे पाहिलं. ज्या माणसाने एका सेकंदासाठी माझी झाकणांची सगळी थप्पी वाया घालवली होती, तो माणूस माझी नजर चुकवून परातीकडे बघत होता. त्याचे ओठ हलत नव्हते. तो मोजत नव्हता.

वाटी बुडायला जवळजवळ चार मिनिटं लागली. मग गिरजाबाईंनी ती काढली, पदराने पुसली आणि माझ्यापुढे धरली, नेता का म्हणून.

मी म्हटलं की आज पिशवी आणली नाही.

परतल्यावर डॉक्टरांना मी यादी दिली. त्यांनी सगळे आकडे दोनदा वाचले, चष्मा काढला, आणि म्हणाले की काट्याची सूचना घालून लटारीजींनी नव्या वाट्या करायला हरकत नाही. मग सातव्या ओळीवर बोट ठेवून हिचं काय म्हणून विचारलं. मी सांगितलं की पुढच्या खेपेला आणते.

आठवड्याची कामं मी दर शनिवारी नव्या पानावर उतरवते. झालेल्यांवर रेघ मारते. एक ओळ तेवढी दर शनिवारी तशीच पुढच्या पानावर जाते: वाटी क्र. ७, परत आणणे, बाकी.